भावोजींनी पास केलेलं रक्त

लग्नाच्या वाढदिवसाला लोक बायकोला बाहेर नेतात. आमचे भावोजीही न चुकता नेत. सकाळी लवकर, उपाशीपोटी, रक्त द्यायला.

"वजनांचीसुद्धा ठरल्या मुदतीला फेरतपासणी होते," ते म्हणत. "माणसाची नको का व्हायला? आणि ही तारीख विसरायची सोय नाही." ताई ठेवणीतले कपडे घालून निघायची, बाही वर सरकवून लॅबच्या खुर्चीत बसायची आणि येताना दंडावर कापसाचा बोळा दाबून हसत यायची. तिच्या जागी मी असते तर तो बोळा कुणाच्या तरी तोंडात कोंबला असता. पण तिचा स्वभाव वेगळा नि माझा वेगळा. म्हणून तर तिचं लग्न टिकलं आणि माझं झालंच नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेला. दुकानात शिरायचं, वजनं मागायची, आपल्या पेटीतल्या प्रमाण वजनांशी ताडून बघायची. तफावत मर्यादेत असली तर शिक्का, नसली तर वजन जप्त. मधलं काही नाही. निवृत्त झाले तेव्हा खात्याने पेटी परत घेतली, शिक्का परत घेतला, सवय तेवढी परत घ्यायची राहून गेली. घरात पाव आणला तरी ते हातावर तोलून बघत, आणि भाजीवालीला ते लांबून दिसले की ती आपणहून चार मिरच्या जास्तीच्या टाके. गल्लीत सगळे त्यांना काटासाहेब म्हणत. ते त्यांना आवडे.

निवृत्तीनंतर मात्र गडी पार कोमेजला होता. तपासायला काही उरलं नव्हतं. अशात त्यांच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट पडला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे तेज पाहिलं ते त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. एका रकान्यात तुमचा आकडा, शेजारच्या रकान्यात मर्यादा. मर्यादा ओलांडली की आकडा ठळक छापलेला.

"अरे, हे तर आपलंच खातं!" ते म्हणाले. "आत असेल तर पास, बाहेर असेल तर नापास. ह्यात डॉक्टर कशाला लागतो?"

तेव्हापासून रविवारी सकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत दरबार भरू लागला. टेबलावर भिंग, लाल पेन्सिल, चष्मा पुसायचं फडकं. सगळी इमारत आपापले रिपोर्ट घेऊन जिन्यात रांगेत उभी. आणि खोटं कशाला बोलू, भावोजी समजावून सांगायचे झकास.

"तांबड्या पेशी म्हणजे हमाल," ते सांगत. "फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा नि अंगभर पोचवायचा. हा आकडा म्हणजे हमाल किती. हे हिमोग्लोबिन, म्हणजे सगळे मिळून किती ओझं उचलू शकतात. हा एमसीव्ही, म्हणजे एकेक हमाल अंगाने केवढा. आणि हा आरडीडब्ल्यू, म्हणजे सगळे हमाल एका मापाचे आहेत की कुणी थोराड, कुणी किरकोळ. प्लेटलेट म्हणजे गवंडी. नळीला कुठे भोक पडलं की धावत जाऊन लिंपणार."

इथपर्यंत सगळं बरोबर. घोटाळा ह्याच्या पुढे सुरू व्हायचा. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेचं हिमोग्लोबिन मर्यादेच्या केसभर खाली निघालं, तर भावोजींनी तिला नापास केली. बाई ठणठणीत होती, शाळेत पोरांवर ओरडून दोन मजले हादरवत होती, पण आठवडाभर शेजारीण शेजारणीला सांगत होती की तिचं काही खरं नाही. उलट तळमजल्यावरच्या सायकलवाल्याच्या प्लेटलेट एवढ्या निघाल्या की तो छाती काढून चालायला लागला. जिन्यात लोक एकमेकांना विचारत, "तुमच्या किती?" "दोन लाख ऐंशी." "आमच्या तीन नव्वद." ऐकणाऱ्याला वाटावं पोरांचा निकाल लागलाय.

दरबार उठायच्या आधी भावोजी आपला जुना पराक्रम सांगत. कुणी मागितलेला नसे, पण सुटकाही नसे. एका धान्याच्या व्यापाऱ्याचं पाच किलोचं वजन होतं. दर तपासणीला थोडं हलकं भरे, पण मर्यादेत. आधीच्या निरीक्षकांनी डोळे मिटून शिक्के मारले होते. भावोजींनी मात्र मागच्या तपासण्या समोर ठेवल्या आणि ओळखलं: कधी जड नाही, कधी जसंच्या तसं नाही, दर वेळी हलकंच, आणि दर वेळी आधीपेक्षा हलकं. वजन उलटं करून बघितलं तर बुडाला कानशीने घासल्याच्या खुणा! व्यापाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"लक्षात ठेवा," इथे ते लाल पेन्सिल वर करत, "चूक असते ती दोन्ही बाजूंना होते. एकाच बाजूला होते ती चोरी!"

आम्ही मान डोलवायचो. ताई आतून चहा आणायची. तिने ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की व्यापारी घाबरायच्या आधीच तिचा ट्रे टेबलावर आलेला असे.

त्याच सुमाराला ताईला दम लागायला लागला. घर तिसऱ्या मजल्यावर. ती प्रत्येक वळणावर थांबे आणि पिशवीत किल्ली शोधल्यासारखं करी. किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीला असते हे मला लहानपणापासून माहीत आहे. तोंड पिठासारखं पांढरं. केस विंचरले की कंगवा भरून यायचा. गुडघे आधीच धरलेले, त्यासाठी ती कसल्याशा गोळ्या घ्यायची, आणि दुपारी बसल्याबसल्या डुलकी लागायची तिला, जी बाई आमच्या घरात दुपारी झोपणाऱ्यांना आळशी म्हणत आली.

"भावोजी, ताईला डॉक्टरकडे न्या," मी म्हटलं.

भावोजी कपाटापाशी गेले, फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "मेहुणीबाई, हा मागच्या वर्षीचा, हा त्याच्या आधीचा. एक तरी आकडा ठळक दाखवा. हिमोग्लोबिन मर्यादेत. पेशींचा आकार मर्यादेत. आणि प्लेटलेट बघा, वाढतायत! ह्या वयात कुणाच्या वाढतात?"

"अहो, पण ती जिन्यात धापा टाकते."

"कागद बोलतो. माणूस काय, काहीही बोलेल."

मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "अगं, ह्यांनी बघितलंय ना सगळं. वयच झालं आता." संपलं. दोघांनी मिळून माझं तोंड बंद केलं. घरी जाताना मला रडू यायला लागलं, आणि राग त्याहून जास्त. माझी बहीण माझ्या डोळ्यांदेखत झिजत होती आणि तिच्या घरात तिच्याहून तिच्या कागदाला मान होता.

आणि मग ते बर्फाचं प्रकरण. भावोजींना जेवणानंतर थंड पाणी लागतं, दोन खडे बर्फ घालून. ट्रे उघडला की रिकामा. भरून ठेवला, पुन्हा रिकामा. भावोजींनी आधी फ्रिजवर संशय घेतला. दुरुस्तीवाला आला, फ्रिज ठीक आहे म्हणून गेला. मग त्यांनी तापमापी आत ठेवून पाहिली. तापमानही मर्यादेत. उरली कोण? मी. मी त्यांच्याकडे गेले की सरबत पिते, हे खरं आहे. भावोजींनी फ्रिजच्या दारावर सूचना चिकटवली: "पाहुण्यांनी बर्फ घेतल्यास ट्रे पुन्हा भरावा." त्या घरात पाहुणी मी एकटीच. असा संताप आला की महिनाभर मी त्यांच्याकडे पाण्याला शिवले नाही. तरी ट्रे रिकामाच.

चोर सापडला तो अचानक. मी स्वयंपाकघरात गेले तर ताई ओट्याकडे तोंड करून उभी, आणि कडकड आवाज. तिच्या गालात बर्फाचा खडा होता.

"कुणाला सांगू नकोस हं," ती पोरीसारखी लाजून म्हणाली. "राहवतच नाही गं मला. रात्रंदिवस तेच डोक्यात असतं."

मी हसले. ती पण हसली. काय बोलणार, दोन शहाण्या बहिणी.

ह्या वर्षीचा लग्नाचा वाढदिवस आला. दोघं उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आली, संध्याकाळी रिपोर्ट आले, मी जेवायला होते. भावोजींनी आधी ताईचा उघडला. भिंग फिरवलं. "पास," म्हणाले, आणि फाइलला लावून टाकला. हिमोग्लोबिन अगदी उंबरठ्यावर होतं, पण उंबरठ्याच्या आत. मग स्वतःचा उघडला, आणि भिंग एकाच ओळीवर अडकलं.

प्लेटलेट: अडतीस हजार. कमीत कमी दीड लाख हव्यात. आकडा ठळक, शेजारी चांदणी.

"गवंडी संपले," भावोजी क्षीण आवाजात म्हणाले.

पुढचा प्रकार मी आयुष्यात विसरणार नाही. कुठे खरचटलं तर रक्त थांबणार नाही, म्हणून घरातल्या सुऱ्या, कात्र्या, टाचण्या कुलपात गेल्या. दाढी बंद. दात बोटाने घासायचे. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना ताईने चिंध्या गुंडाळल्या. भावोजी दोन उशांच्या मध्ये आरामखुर्चीत बसले आणि "अगं, हिरडीतून येतंय का बघ" म्हणून तिला दर थोड्या वेळाने हाक मारू लागले. इमारतीतून माणसं भेटायला आली. कुणी फळं आणली, कुणी कसल्याशा पाल्याचा रस आणला, सायकलवाला तर म्हणाला, "साहेब, माझ्या भरपूर आहेत, लागतील तेवढ्या घ्या." येणाऱ्या प्रत्येकाला चहा. तो करायचा कुणी? फळं कापायला सुरी नाही म्हणून शेजारून मागून आणायची कुणी? खाली जाऊन औषधवाल्याकडून पट्ट्या आणायच्या कुणी? तीन मजले उतरायची ती ताई, तीन मजले चढायची ती ताई, आणि आरामखुर्चीत धापा टाकत होते भावोजी.

तिसऱ्या दिवशी मी दोघांना माझ्या ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. भावोजींना रिक्षात असं बसवलं की जणू अंडी नेतोय. दवाखान्यात पोचल्यावर ताई म्हणाली, "मी जरा घसा ओला करून येते," आणि समोरच्या सरबताच्या दुकानाकडे गेली.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उघडला आणि तळाशी बोट ठेवलं. "हे वाचलंत का?"

"काय?"

"शेरा लिहिलाय. 'प्लेटलेटचे पुंजके दिसतात. नमुना पुन्हा द्यावा.'"

आयुष्यभर दुसऱ्याच्या वह्यांत शेरे मारलेला माणूस, त्याला स्वतःच्या कागदावरचा शेरा दिसला नव्हता. त्याच्यात आकडा नव्हता ना.

"रक्त गोठू नये म्हणून त्या जांभळ्या टोपणाच्या नळीत औषध असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही जणांच्या प्लेटलेट त्या औषधाने एकमेकींना चिकटतात. मशीन सुट्या प्लेटलेट मोजतं. पुंजका आला की त्याला ती प्लेटलेट वाटतच नाही. अंगात सगळं जागच्या जागी असतं, गोंधळ फक्त नळीत." त्यांनी निळ्या टोपणाच्या नळीत, वेगळ्या औषधात रक्त घ्यायला लावलं, एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. थोड्या वेळाने निरोप आला: दोन लाखांच्या वर. पास.

भावोजींना आनंद झाला, पण खरं सांगू, थोडी निराशाही दिसली. इतका पाल्याचा रस फुकट प्यायल्याचं दुःख असावं.

तेवढ्यात ताई आली. हातात कागदी पेला. पेल्यात सरबत नव्हतं. नुसता बर्फ होता. ती माझ्या शेजारी बसली आणि कडकड चावायला लागली. डॉक्टरबाई भावोजींची कागदपत्रं मिटत होत्या. त्यांचे हात थांबले.

"ताई, बर्फ कधीपासून खाताय?"

ताई ओशाळली. "सवय लागलीय हो. वर्ष झालं असेल."

डॉक्टरबाई उठल्या, ताईची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. आतून जिथे तांबूस असायला हवं तिथे पांढरट होतं. नखं पाहिली. जिभेवर नजर टाकली. "ह्यांचे रिपोर्ट आहेत?"

भावोजींनी फाइल अभिमानाने पुढे केली. ती ते सगळीकडे नेतात. "तिची काळजी नको, डॉक्टर. तीनही वर्षं पास आहे."

डॉक्टरबाईंनी तीन कागद फाइलमधून सोडवले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "मर्यादेत आहेत, खरं आहे. पण मर्यादा काढतात ती पुष्कळशा निरोगी माणसांवरून. ह्यांचं स्वतःचं माप कुठलं, तर हा पहिला रिपोर्ट. हिमोग्लोबिन जवळजवळ चौदा होतं, मग तेरा, आता बारा. तांबड्या पेशी दर वर्षी लहान होतायत, आणि एका मापाच्या राहिल्या नाहीत. अंगातलं लोह संपत आलं की असं होतं. प्लेटलेट वाढतायत त्याही बहुधा त्याचमुळे. आणि लोह कमी झालेली माणसं कधीकधी अशी बर्फ खायला लागतात. का, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही."

"पण एकही आकडा ठळक नाही," भावोजी म्हणाले. आवाज अर्धा झाला होता.

मग ताई बोलली. गालातला खडा एका बाजूला सारून, अगदी साध्या आवाजात, चहा घेता का विचारावं तशी. "अहो, चूक असते ती दोन्ही बाजूंना होते ना? आणि एकाच बाजूला होते ती?"

भावोजी त्या तीन कागदांकडे बघत राहिले. दर वेळी हलकं, आणि दर वेळी आधीपेक्षा हलकं. ती गोष्ट त्यांनी शेकडो लोकांना ऐकवली होती, आणि नीट ऐकली होती ती फक्त चहा आणणाऱ्या बाईने. मी इतकी वर्षं त्या माणसाचं तोंड बंद व्हायची वाट बघत होते. झालं, तर मला बघवेना.

"ह्या वयात लोह असं जातंय म्हणजे कुठूनतरी रक्त जात असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेक पोटातून. का जातंय ते आत नळी घालून बघावं लागेल. साधं असेल. नसेलही."

'नसेलही' हा शब्द घेऊन आम्ही घरी आलो. तपासणी होईपर्यंतचे दिवस भावोजी त्याच आरामखुर्चीत बसून होते, उशांशिवाय. रविवारी लोक रिपोर्ट घेऊन आले तर त्यांनी दार उघडलं, "आज नाही," म्हणाले आणि लावून घेतलं. ताई जिना उतरायला निघाली की हे तिच्या आधी खाली. मला एकदा हळूच म्हणाले, "मेहुणीबाई, मी शिक्के मारत गेलो हो." मी टोमण्यांचं पोतं बांधून ठेवलं होतं. ते सोडायचा धीर झाला नाही. मलाही भीती वाटत होती, त्यांच्याइतकीच.

नळी आत गेली, आणि पोटात जखम सापडली. गुडघ्यांसाठी ती उपाशीपोटी ज्या गोळ्या घेत होती, त्यांनी पोटाला आतून खाल्लं होतं, आणि तिथून थेंब थेंब रक्त जात होतं. थोडंच, पण रोज. जखमेचा तुकडा तपासायला गेला. तो काही वाईट निघाला नाही. "वेळेत आलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अजून उशीर झाला असता तर रिपोर्टात सगळं ठळक आलं असतं." त्या गोळ्या बंद झाल्या, जखमेचं औषध सुरू झालं, लोह सुरू झालं.

माणूस सुधारला असं मात्र कुणी समजू नये. दरबार पुन्हा भरतो. आता फक्त नियम बदलला: जुने रिपोर्ट बरोबर आणायचे, आणि ज्याचा रिपोर्ट त्याने स्वतः यायचं. आला की भावोजी आधी त्याची पापणी खाली ओढतात. सायकलवाल्याच्या पापण्या आतापर्यंत इतक्यांदा ओढल्या आहेत की तो जिन्यात त्यांना पाहिलं की डोळे मिटून घेतो. पण एक झालं. बघून झालं की भावोजी स्वतः काही ठरवत नाहीत, डॉक्टरबाईंचा पत्ता देतात.

परवा ऑफिसात फोन आला. भावोजींचा. ते मला कधी फोन करत नाहीत.

"मेहुणीबाई," पलीकडून आवाज आला. "मी आत्ता थंड पाणी घ्यायला गेलो होतो."

"मग? ताई बरी आहे ना?"

"परवा ट्रे भरला होता मी. काल बघितला, आज बघितला." त्यांचा आवाज फुटला. "तसाच आहे हो. एकही खडा गेलेला नाही."

मागे ताईचा आवाज आला, "कुणाशी बोलताय? जेवायला चला." आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात, उघड्या फ्रिजपुढे, काटासाहेब फोन कानाला लावून रडत होते.